मधुमेह चाळिशीत कळतो, पण त्याची तयारी विशीतच सुरू होते

एप्रिल महिना जवळ आला की महाराष्ट्रातील महाविद्यालये, वसतिगृहे आणि विहारांमध्ये 'सलग १८ तास अभ्यास' उपक्रमाची तयारी सुरू होते. बाबासाहेबांच्या अभ्यासाला केलेले हे अभिवादन आम्हाला प्रिय आहे आणि ते चालूच राहिले पाहिजे. मात्र त्या १८ तासांची गोष्ट सांगताना तिची दुसरी बाजू आपण क्वचितच सांगतो. राज्यघटनेचा मसुदा तयार होत होता त्या काळात बाबासाहेबांना मधुमेहाने गाठले होते. रात्री झोप लागत नसे, पायांत तीव्र वेदना होत, इन्सुलिन घ्यावे लागे. स्वतः डॉक्टर असलेल्या शारदा कबीर यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला आणि पुढे त्यांच्या औषधपाण्याची व पथ्याची जबाबदारी माईसाहेबांनी सांभाळली. तरीही १९५४ मध्ये जूनपासून ऑक्टोबरपर्यंत बाबासाहेब अंथरुणाला खिळून होते. दृष्टीही अधू झाली होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले तेव्हा त्यांचे वय ६५ वर्षांचे होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली छापून आला, तो पाहायला ते राहिले नाहीत.

आजच्या कार्यकर्त्याकडे बाबासाहेबांकडे नव्हती अशी एक गोष्ट आहे. हा आजार बहुतेक वेळा होण्याआधीच ओळखता येतो आणि थोपवता किंवा लांबवता येतो, हे आता प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, देशव्यापी सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्याहून महत्त्वाचा आकडा दुसरा आहे : १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांची साखर निरोगी माणसापेक्षा जास्त आहे, पण अजून मधुमेह म्हणावा इतकी नाही. यातील बहुतेकांना काहीही त्रास होत नाही, म्हणून त्यांना हे माहीतच नसते. आमचा हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आणि त्या वाटेवर असलेल्या तरुणांसाठी आहे.

हा श्रीमंतांचा आजार नाही

वस्तीत अजूनही ऐकू येते, 'साखरेचा आजार खात्यापित्या घरचा. आम्ही राबणारी माणसे, आम्हाला कुठून होणार?' हा समज आपल्याला महागात पडतो आहे.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. भाकरी, भात, पोळी, बटाटा, साखर यांपैकी काहीही खाल्ले तरी त्याचे बरेचसे ग्लुकोज होते आणि ते रक्तातून शरीरभर फिरते. स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन पेशींना ते आत घ्यायचा निरोप देते. हे ग्लुकोज साठवण्याचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे आपले स्नायू, त्याखालोखाल यकृत. माणूस हालचालच करत नसेल तर कोठार रिकामे होत नाही. त्यात पोटाच्या आत, यकृतात आणि आतड्यांभोवती चरबी साचू लागली की पेशी इन्सुलिनच्या निरोपाला दाद देईनाशा होतात. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून वेळ मारून नेते. ही ओढाताण कित्येक वर्षे आतल्या आत चालते. बाहेर काही दिसत नाही. स्वादुपिंड थकले की साखर वर जाऊ लागते आणि मग एखाद्या दिवशी जखम भरत नाही म्हणून किंवा डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून तपासणी केली जाते, तेव्हा घरात पहिल्यांदा 'शुगर' हा शब्द येतो.

आता प्रश्न असा की आपल्याकडे किडकिडीत दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह का होतो? याचे उत्तर शोधण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. या गावांतील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे सगळ्याच बाबतींत लहान होती. स्नायू कमी, पोटातील अवयव लहान. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या प्रमाणात कमी नव्हती. म्हणजे बाळ दिसायला बारीक, पण आतून चरबीचे प्रमाण जास्त.

याच डॉ. याज्ञिकांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि जगभर गाजले. दोघे शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजन दोघांचेही अगदी सारखे, बीएमआय २२.३. दोघेही सडपातळ. पण शरीरातील चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के निघाली. वजनकाट्याला हा फरक कळतच नाही.

आईच्या पोटात असताना बाळाला अन्न कमी पडले तर त्याचे शरीर काटकसरीने वागायला शिकते आणि मिळेल ते साठवून ठेवते. पुढे त्याच शरीराला भरपूर पिष्ट, साखर आणि बैठे काम मिळाले की ही काटकसर त्याच्यावरच उलटते. ब्रिटिश संशोधक हेल्स आणि बार्कर यांनी १९९२ मध्ये मांडलेला हा सिद्धांत आहे. पुण्याचा अभ्यास कोणत्याही एका जातीचा नव्हता, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. पण त्याचा अर्थ आपल्या घरांसाठी काय होतो हे आपण स्वतःला विचारायला हवे. आपल्या पणजोबांनी दारोदार भाकरी मागून दिवस काढले. आपल्या आज्यांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडत, मिलो ज्वारी आणि सुकडीवर पोरे वाढवली. त्यांच्या नातवंडांनी शिक्षण घेतले, नोकऱ्या मिळवल्या, टेबलखुर्ची मिळवली, घरात दोन वेळचे पोटभर अन्न आले. हे सगळे लढून मिळवलेले आहे. मात्र शरीराला पिढ्यान्‌पिढ्यांच्या उपासमारीची आठवण आहे आणि ती एका पिढीत पुसली जात नाही. त्यामुळे मधुमेह झालेल्या माणसाला 'जिभेवर ताबा नाही' म्हणून टोमणे मारणे आम्हाला अन्यायाचे वाटते. ज्याच्या आजीने उपास काढले त्याला कमी चुकीतही हा आजार गाठू शकतो, आणि म्हणूनच त्याने इतरांपेक्षा आधी सावध व्हायला हवे.

काट्याऐवजी टेप

यासाठी सर्वांत स्वस्त साधन म्हणजे शिंप्याकडची टेप. बरगडीचे खालचे टोक आणि कमरेच्या हाडाचे वरचे टोक यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता घेर मोजायचा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. पँटच्या नंबरावर विश्वास ठेवू नका. बेंबीखाली पँट घालणाऱ्याचा नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो आणि पोट मात्र पट्ट्यावरून पुढे येत जाते.

चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने डॉ. व्ही. मोहन यांच्या नेतृत्वाखाली २००५ मध्ये रक्ताचा थेंबही न काढता धोका ओळखण्याची गुणपद्धत तयार केली. तिच्यात चारच गोष्टी पाहतात. वय ३५ पेक्षा कमी असेल तर शून्य गुण, ३५ ते ४९ ला २० आणि पन्नाशीपुढे ३०. कंबर मर्यादेच्या आत असेल तर शून्य, पुरुषांची ९० ते ९९ किंवा स्त्रियांची ८० ते ८९ असेल तर १०, त्यापुढे २०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. आणि चौथी गोष्ट शारीरिक हालचाल : काम बैठे आणि व्यायाम काहीच नाही, तर पूर्ण ३० गुण. बेरीज ६० किंवा अधिक झाली तर धोका मोठा, ताबडतोब रक्ततपासणी करावी.

समजा, एक कार्यकर्ता ३६ वर्षांचा आहे. बँकेत नोकरी, कंबर ९४, आईला मधुमेह, व्यायाम नाही. त्याचे २०, १०, १० आणि ३० मिळून ७० गुण झाले. तो सडपातळ दिसत असेल, त्याला काडीचाही त्रास नसेल, तरी तो धोक्याच्या रेषेपलीकडे आहे. यातले वय त्याच्या हातात नाही, आईचा आजारही नाही. हालचाल आणि कंबर या दोनच जागा त्याच्या हातात आहेत, आणि ७० पैकी ४० गुण तिथेच आहेत.

वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचनाला माणसे जमतातच. तीन महिन्यांत एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी सर्वांच्या कमरेचे माप घेऊन वहीत लिहिले तर खर्च किती येईल? एका टेपेचा. स्त्रियांचे माप स्त्रियांनी घ्यावे आणि वही भिंतीवर लावू नये, एवढे पथ्य पाळले की झाले.

बैठकीतला चहा

चळवळीचे अर्धे काम चहावर चालते. सकाळी घरचा, कार्यालयातील दोन, संध्याकाळच्या बैठकीतला, कुणाच्या घरी भेटीला गेलो तिथला आणि रात्री टपरीवर उभ्याने चर्चा करताना शेवटचा. एका कपात दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर धरली तरी सहा कपांचे ६० ग्रॅम होतात, महिन्याला जवळपास १ किलो ८०० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसभरात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास असावी. आपण तर ही मर्यादा बिस्किटाला हात लावण्याआधीच ओलांडली.

चहा सोडा, असे आम्ही म्हणणार नाही. ते कुणी ऐकणारही नाही. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा साखर कमी करा. जीभ हळूहळू सरावते आणि दोन महिन्यांनी जुना चहा पाकासारखा लागतो. बैठक आयोजित करणाऱ्यांनी बिनसाखरेचा चहा करून साखर वेगळी ठेवावी. टपरीवर पातेल्यातच साखर पडलेली असते, तिथे कपांची संख्या कमी करणे हाच उपाय. आणि सध्या जागोजागी 'गुळाचा चहा' असे फलक दिसतात, त्याबद्दल : रक्तातील ग्लुकोजच्या दृष्टीने गूळ आणि साखर यांत सांगण्यासारखा फरक नाही. मधाचेही तेच. शीतपेयात दर १०० मिलिलिटरला साधारण १० ग्रॅम साखर असते, म्हणजे उन्हातल्या मिरवणुकीत प्यायलेली एक लहान बाटली पाच-सहा चमच्यांची झाली. मिरवणुकीच्या वाटेवर पाणी आणि ताक वाटणारी मंडळे आम्हाला त्यामुळेच शहाणी वाटतात.

बुद्ध पौर्णिमेची खीर? वर्षातून एकदा वाटीभर खीर खाल्ल्याने मधुमेह होत नाही. रोजच्या सहा कपांनी होण्याची शक्यता मात्र वाढते.

ताटाची मांडणी

आयसीएमआरच्या त्याच सर्वेक्षणातून आहाराविषयीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते आणि प्रथिने फारच कमी पडतात, असे त्यात दिसले. आणखी एक गोष्ट सध्याच्या 'मिलेट'च्या लाटेत मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी आहे. पांढरा तांदूळ किंवा मैदा बदलून तेवढेच गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ खाल्ले तर धोका कमी झालेला आढळला नाही. एकूण पिष्टाचा काही भाग काढून त्या जागी डाळी, दूधदुभते, अंडी किंवा मासे यांतील प्रथिने आली, तेव्हा धोका कमी दिसला.

साध्या शब्दांत सांगायचे तर ज्वारीची भाकरी उत्तमच आहे, पण चार पोळ्यांच्या जागी चार भाकऱ्या खाऊन काही हाती लागत नाही. दोन भाकऱ्या आणि वाटीभर मटकीची उसळ, असा बदल हवा. भातावर वरणाचा नुसता ओघळ सोडतो, त्याऐवजी वरणात भात कालवावा. भाजी तोंडी लावण्यापुरती नको, ताटाचा अर्धा भाग व्यापेल इतकी हवी, आणि या हिशोबात बटाटा भाजीत धरायचा नाही. आपल्या घरांत मांसाहाराचे सोवळे नाही, ही जमेची बाजू आहे. अंडे, जवला, सुकट, बोंबील, नदीतले छोटे मासे हे स्वस्तातले चांगले प्रथिन आहे. खारवलेले सुके मासे धुऊन घ्यावेत, कारण मिठाने रक्तदाब वाढतो. चणे, चवळी, शेंगदाणे खिशाला परवडतात. रात्रीच्या पोस्टर लावण्याच्या कामाला निघताना पिशवीत मूठभर भाजलेले चणे असतील तर दोन वडापाव वाचतात.

किती खावे, याबद्दलची एक जुनी कथा संयुक्त निकायात आहे. कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर भात खाऊन धापा टाकत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला भोजनात मात्रा ओळखण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावून रोज जेवताना आपल्यासमोर म्हणण्याचे काम दिले. राजाचा आहार हळूहळू कमी होत नाळीभर भातावर आला आणि त्याचे शरीर हलके झाले. या कथेतला आम्हाला भावणारा भाग म्हणजे राजाने मनोनिग्रहाच्या बढाया मारल्या नाहीत. आपण विसरणार हे ओळखून त्याने आठवण करून देणारा माणूस नेमला.

आश्चर्य म्हणजे अलीकडच्या प्रयोगातही हेच दिसले. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातील मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३७ नोकरदार पुरुषांचे दोन गट केले. दोन्ही गटांना आहार आणि व्यायामाचा सल्ला दिला. एका गटाला त्यानंतर मोबाइलवर नियमित आठवणीचे संदेश पाठवले. दोन वर्षांनी संदेश न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना मधुमेह झाला होता, संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना. हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या प्रत्येक शाखेचा, प्रत्येक विहाराचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे आणि त्यावर दिवसाला शंभर शुभेच्छा पडतात. त्यात रात्री नऊला एक संदेश 'जेवण झाले असेल तर पंधरा मिनिटे चालून या' असा पडायला हरकत नाही.

चालणे, बसणे, झोपणे

चालण्याचे महत्त्व का, हे वर आलेच आहे : स्नायूंचे कोठार रिकामे होते. शिवाय स्नायू काम करत असताना इन्सुलिनची फारशी वाट न पाहताही ग्लुकोज आत ओढून घेतात. म्हणून जेवणानंतर लगेच केलेली दहा-पंधरा मिनिटांची शतपावली जेवणानंतरची साखर खाली ठेवायला विशेष उपयोगी पडते. आठवड्याला एकूण १५० मिनिटे झपझप चालणे हे किमान प्रमाण धरतात.

हे चालणे खरोखर आजार थोपवते का, याची परीक्षा अनेक देशांत झाली. चीनमधील दाचिंग शहरात १९८६ मध्ये उंबरठ्यावरच्या ५७७ लोकांवर सहा वर्षांचा प्रयोग सुरू झाला; तीस वर्षांनी पाहिले तेव्हा आहार-व्यायामाच्या गटात मधुमेह सरासरी जवळजवळ चार वर्षे उशिरा आला होता. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ७ टक्के वजन कमी करण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले; मेटफॉर्मिन ही गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. आपल्याकडे डॉ. रामचंद्रन यांच्याच २००६ च्या प्रयोगात घट २८.५ टक्के होती. म्हणजे भारतीयांत फायदा झाला, पण अमेरिकेइतका नाही. आमचा अंदाज असा की आपण उंबरठा ओलांडायच्या बेतात असतानाच जागे होतो. सुरुवात लवकर करण्याचा आग्रह त्यासाठीच.

सफाई, बांधकाम, हमाली करणाऱ्या आपल्या बांधवांना 'चालायला जा' म्हणून सांगणे चेष्टा ठरेल. त्यांना गरज आहे ती ताटातल्या प्रथिनांची, झोपेची आणि तंबाखू सोडायला मदतीची. चालण्याचा उपदेश आहे तो खुर्चीवर आणि मोबाइलवर बसणाऱ्यांसाठी. १८ तास अभ्यासाच्या उपक्रमातही दर अर्ध्या-पाऊण तासाने दोन-तीन मिनिटे सर्वांनी उभे राहावे, व्हरांड्यात फेरी मारावी. त्याने अभ्यासात खंड पडत नाही, उलट रात्री तीन वाजता डोळे उघडे राहतात. जयंतीच्या आधी महिनाभर लेझीमचा सराव करणारी मंडळे आता कमी झाली, डीजे वाढले. एक तास लेझीम खेळणे हा पूर्ण घाम काढणारा व्यायाम आहे. समता सैनिक दलाच्या कवायतीचेही तेच. आपल्या परंपरेतच असलेली ही साधने आपण कारण नसताना बाजूला टाकली.

झोपेबद्दल थोडेच सांगतो. सलग काही रात्री चार-पाच तासच झोप झाली तर तरुण, निरोगी माणसाच्या पेशीही इन्सुलिनला कमी दाद देतात. रात्रपाळी ज्यांच्या नशिबी आहे त्यांना पर्याय नाही. पण मध्यरात्रीनंतर समाजमाध्यमांवर वाद घालणाऱ्यांना आहे. धूम्रपानाने मधुमेहाचा धोका वाढतो आणि मधुमेह झाल्यावर पायांच्या रक्तवाहिन्या बंद पडण्याची शक्यताही.

तपासणी कुठे, कोणती

सरकारी कार्यक्रमानुसार ३० वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह व रक्तदाबाची तपासणी मोफत होते. पूर्वीची उपकेंद्रे, जी आता आयुष्मान आरोग्य मंदिर झाली आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रे, शहरांतील आपला दवाखाना येथे ती करून मिळते. आशाताई घरी येऊन यासाठी एक प्रश्नावली भरून घेतात. त्यांना 'आम्हाला काही नाही' म्हणून दारातून परत पाठवू नका. घरात कुणाला मधुमेह असेल किंवा कंबर मर्यादेबाहेर असेल, तर तिशीची वाट न पाहता तपासणी करावी.

उपाशीपोटीची साखर १०० च्या आत असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. १२६ किंवा अधिक दोनदा आली तर मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे उंबरठा आणि २०० पासून पुढे मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ही तपासणी ५.७ ते ६.४ असेल तर उंबरठा, ६.५ पासून मधुमेह.

इथे विदर्भातील वाचकांसाठी एक महत्त्वाची सूचना. आपल्या समाजात, विशेषतः विदर्भात, सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे. एचबीएवनसी तांबड्या पेशींवर चढलेली साखर मोजते. सिकलसेलच्या रुग्णात या पेशी फार लवकर नष्ट होतात, त्यामुळे आकडा खरा असावा त्यापेक्षा कमी येऊ शकतो आणि मधुमेह लपून राहतो. नुसते वाहक असाल तरी काही यंत्रांवर आकडा चुकतो. रक्तक्षयानेही या तपासणीत गोंधळ होतो. अशांनी डॉक्टरांना आपला सिकलसेल अहवाल आधी दाखवावा आणि उपाशीपोटीची व ग्लुकोजनंतरची तपासणी मागावी.

ज्यांना मधुमेह झालाच आहे त्यांनी हा लेख वाचून गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करू नये. जांभळाच्या बियांची पावडर किंवा 'पंधरा दिवसांत शुगर मुळापासून' अशा जाहिरातींच्या नादी लागून औषध सोडणाऱ्यांना पुढे मूत्रपिंड आणि डोळे गमवावे लागतात. आणि आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस सुरू झाले की रोजंदारीवरचे घर कोसळते. लहान मुलांना आणि तरुणांना होणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह वेगळा. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. तो गोड खाल्ल्याने होत नाही, सवयींनी टळत नाही आणि त्यात इन्सुलिन हाच जीव वाचवणारा उपचार आहे. त्या मुलाला किंवा त्याच्या आईला दोष देणारे बोलणे वस्तीत कुणी काढले तर तिथल्या तिथे थांबवावे.

आईपासून सुरुवात

घरातील बाई सर्वांत शेवटी जेवते. डाळ आणि मासळी संपलेली असते, भात उरलेला असतो. तो वाया जाऊ नये म्हणून ती खाते. तिच्या ताटात पिष्ट जास्त आणि प्रथिन कमी, हे कुणी ठरवून केलेले नसते, पण रोज घडते. चालायला बाहेर पडावे तर कामे आणि लोकांच्या नजरा. त्यामुळे 'स्वतःची काळजी घ्या' हा सल्ला स्त्रियांना देऊन भागत नाही. घरात सर्वांनी एकत्र बसून जेवावे आणि अंडे-मासळीचा वाटा सर्वांचा आधीच वेगळा काढावा. संध्याकाळी विहाराभोवती किंवा मैदानावर महिला मंडळाने गटाने चालावे आणि त्या वेळात घरचे स्वयंपाकपाणी पुरुषांनी पाहावे. समतेची भाषणे आपण खूप ऐकली आहेत, हे करून पाहावे.

गरोदरपणात काही स्त्रियांची साखर वाढते. तिच्यावर लक्ष ठेवले नाही तर बाळंतपण अवघड होते आणि बाळालाही पुढे मधुमेहाचा धोका राहतो. सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रीला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. त्यासाठी उपाशी यावे लागत नाही. १४० किंवा अधिक आले तर उपचार सुरू होतात. ही तपासणी एकदा पहिल्या भेटीत आणि ती ठीक आली तर पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान व्हायला हवी. दुसरी बऱ्याचदा राहून जाते, म्हणून घरच्यांनी तारीख लिहून ठेवावी. बाळंत झाल्यावर बहुतेकींची साखर खाली येते आणि विषय संपला असे सगळे धरून चालतात. पण अशा स्त्रीला पुढील काही वर्षांत कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा खूप जास्त असते, म्हणून सहा आठवड्यांनी तिची पुन्हा तपासणी करायची असते. बाळाचे दीड महिन्याचे डोस त्याच सुमारास असतात. बाळाला घेऊन केंद्रावर जाल त्याच दिवशी आईचेही रक्त तपासून घ्या.